पी०३०२ आला म्हणून चारही इंजेक्टर बदलायचे? डिझेलमधलं मिसिंग शोधायचा क्रम

घाटवाट

चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल (उच्च दाबाच्या एकाच नळीतून, म्हणजे रेलमधून, चारही इंजेक्टरना डिझेल मिळतं), बीएस४, सोलेनॉइड (विद्युतचुंबकाने उघडणारे) इंजेक्टर, १,३८,००० किमी. सकाळी सेल्फ मारला की आयडलला गाडी थरथरते, एका लयीत मिस मारते. पांढरा धूर येतो आणि डोळे चुरचुरतात. तीन-चार मिनिटांत धूर थांबतो, थरथर कमी होते पण पूर्ण जात नाही. रस्त्यावर वेग घेतल्यावर काही जाणवत नाही. दुसरी तक्रार घाटातली: तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं की ताकद एकदम जाते, चेक इंजिनचा दिवा लागतो. बंद करून पुन्हा चालू केली की ठीक.

स्कॅनरवर बिघाडाचे कोड तीन आहेत: पी०३०२, पी०२६६, पी००८७. गॅरेजचं म्हणणं, चारही इंजेक्टर बदला. कोड वाचण्यापलीकडे त्यांनी एकही माप घेतलेलं नाही. इंजेक्टरला हात लावण्याआधी काय काय तपासावं, आणि कोणत्या क्रमाने? मल्टिमीटर, ब्लूटूथचा ओबीडी अ‍ॅडॅप्टर आणि पान्यांचा बरा संच हाताशी आहे.

मापक

पहिली गोष्ट, कोड पुसू नका. ते पुसले की फ्रीझ फ्रेमही जाते, आणि या प्रकरणात तीच सगळ्यात मोलाची. कोड नोंदला गेला त्या क्षणाचे आरपीएम, कूलंटचं तापमान, लोड, रेल प्रेशर हे सगळं ईसीयू (इंजिनचा संगणक) तिच्यात साठवून ठेवतो. साध्या अ‍ॅपमध्ये बहुधा एकाच कोडची फ्रेम दिसते. त्या त्या कंपनीच्या गाडीसाठी बनलेल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोडची वेगळी मिळते: फोक्सवॅगन-स्कोडाला व्हीसीडीएस, फोर्डला फोरस्कॅन, फियाटला मल्टिईसीयूस्कॅन.

आता तुमचे कोड. पी०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचं फायरिंग चुकतंय. पी०२६६ म्हणजे दोन नंबरचं योगदान बाकीच्यांच्या बरोबरीला नाही. हे बॅलन्सचे कोड तीन-तीनच्या टप्प्याने जातात: एकचा ०२६३, दोनचा ०२६६, तीनचा ०२६९, चारचा ०२७२. हे दोन्ही कोड एकाच दुखण्याचे आहेत. पी००८७ मात्र वेगळ्या घरचा. ईसीयूने मागितला तेवढा दाब रेलमध्ये तयार झाला नाही, एवढंच तो सांगतो. रेल चारही सिलिंडरना सामाईक असते. त्यामुळे दोन आजार एकाच वेळी आले असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि ते वेगळे करायला तिन्ही फ्रेम लागतील.

सिलिंडरच्या आत काय जळतंय ते ईसीयूला दिसत नाही. त्याला दिसतो फक्त क्रँकचा वेग. चार सिलिंडरमध्ये दर १८० अंशांना एक फायरिंग होतं, म्हणजे ८०० आरपीएमला सेकंदाला साधारण २७. प्रत्येक फायरिंगला क्रँक किंचित उसळी घेतो. ज्याची उसळी कमी पडते त्याला ईसीयू थोडं जास्त डिझेल देतो, ज्याची जास्त त्याचं कमी करतो. याच आकड्यांना इंजेक्टर करेक्शन किंवा बॅलन्स म्हणतात. गरम इंजिनच्या आयडलला ते वाचून इथे टाका.

रेलदाब

मापक यांच्या म्हणण्याला एक जोड, कारण इथे खूप जण फसतात. करेक्शन अधिक आलं म्हणजे इंजेक्टर खराब, असं नसतं. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असलं तरी उसळी कमीच येणार आणि ईसीयू डिझेल वाढवतच राहणार. इंजेक्टरखालचा तांब्याचा वायसर फुंकत असेल तरी तेच. आकडा सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही.

उलट एखादा आकडा बराच उणे असेल तर तो इंजेक्टर जास्त डिझेल सोडतोय किंवा नोझल ठिबकतंय. त्याकडे जास्त गांभीर्याने बघायचं. ठिबकणाऱ्या नोझलने पिस्टनच्या माथ्याला भोक पडतं.

चारही आकड्यांची बेरीज शून्याच्या आसपास येते, कारण एकाला दिलेलं दुसऱ्यांकडून काढलेलं असतं. आयडलला दर स्ट्रोकला दोन मिलिग्रॅमच्या आतबाहेर असेल तर बहुतेक इंजिनांत चालतं, तीनच्या पुढे गेलं की शोध सुरू करायचा. नेमकी मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये असते.

जुनापाना

एवढं कशाला? इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करायचा. ज्याचा सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर मेला. जीप आणि ट्रॅक्टरवर हीच रीत चालत आली आहे.

मापक

जुनापाना, ती रीत जुन्या इनलाइन आणि रोटरी पंपांची. कॉमन रेलवर ती अजिबात करू नका, आणि हा धागा वाचणाऱ्या कुणीही करू नका. आयडललाच रेलमध्ये २५० ते ३०० बार असतो, जोर लावला की १६०० आणि त्याहून वर जातो. सैल नटातून निघणारी धार डोळ्यांना दिसतही नाही, पण हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल आत शिरतं. बाहेरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, सुरुवातीला फारसं दुखतही नाही, आणि आत ऊती सडायला लागतात. असं झालंच तर पट्टी बांधून घरी जायचं नाही. लगेच रुग्णालयात जाऊन ‘उच्च दाबाचं डिझेल कातडीखाली गेलंय’ हे शब्द सांगायचे. काही तासांत शस्त्रक्रिया लागते, उशीर झाला की बोट जातं.

इंजिन बंद केल्यावरही पाइप लगेच उघडायचा नाही. स्कॅनरवर रेल प्रेशर शून्याला आलेलं बघायचं. स्कॅनर नसेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायचं.

जुनापाना

मान्य. हे एवढं स्पष्ट माहीत नव्हतं. मग कॉमन रेलवर मेलेला सिलिंडर ओळखायचा कसा? इंजेक्टरचा कपलर (वायरचा जोड) काढून?

रेलदाब

स्कॅनरमध्ये सिलिंडर कट-आउट चाचणी असते, ती एकेक इंजेक्टर इलेक्ट्रॉनिक रीतीने बंद करते. ज्याला बंद केल्यावर आरपीएम पडत नाही तो आळशी. इंजिन चालू असताना कपलर ओढू नका. सोलेनॉइड इंजेक्टरला उघडताना ६५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त मिळतात, पिएझोला (विजेने फुगणाऱ्या स्फटिकाने उघडणाऱ्या इंजेक्टरला) १०० च्या वर. पिएझो उघड्या स्थितीत असताना कपलर निघाला तर तो उघडाच राहू शकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलची धार.

गाडी बंद असताना मात्र कपलर काढून ओहम मोजता येतात. बॉशच्या सोलेनॉइड इंजेक्टरला अर्ध्या ओहमच्या आसपास, पिएझोला १५० ते २०० किलोओहम. चारही एकमेकांशी जुळले पाहिजेत. कॉइल तुटलेली असती तर पी०२०२ आला असता, त्यामुळे इथे वायरिंगचा संशय कमी.

सह्याद्रीसर्किट

सिलिंडर मोजताना एक काळजी. बहुतेक इंजिनांत एक नंबर टायमिंगच्या बाजूला असतो. रेनोच्या १.५ डीसीआयमध्ये तो फ्लायव्हीलच्या बाजूला असतो, आणि हे इंजिन आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत आलं. चार सिलिंडरमध्ये दोन आणि तीन शेजारी-शेजारी, त्यामुळे उलटीकडून मोजलं की दोनच्या जागी तिसरा खोलला जातो. बिघाड मग जागच्या जागी राहतो आणि लोक म्हणतात ‘इंजेक्टर बदलूनही फरक नाही’.

निफाडकर

सकाळी पांढरा धूर आणि मिसिंग म्हटल्यावर ग्लो प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारे हीटर) आधी बघा. निफाडची थंडी द्राक्षांना आणि ग्लो प्लगना सारखीच झोंबते.

पी०६७२ आला नाही म्हणून दोन नंबरचा प्लग चांगला असं धरू नका. बीएस४ च्या बऱ्याच गाड्यांत चारही प्लग एकाच रिलेवर असतात. ईसीयू फक्त रिलेचं सर्किट बघतो, त्यात चूक असेल तर पी०३८० देतो. स्वतंत्र ग्लो कंट्रोल युनिट असेल तरच पी०६७१ ते पी०६७४ मिळतात. तपासणी सोपी: प्लगची वायर काढा, १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लख्ख लागला तर आतली तार शाबूत. मल्टिमीटरवर एक ओहमच्या आसपास किंवा कमी यायला हवा. नव्या पद्धतीचे प्लग ५ किंवा ७ व्होल्टचे असतात, त्यांना थेट बॅटरी जोडून तापवू नका, जळतात.

मापक

निफाडकर, मुद्दा बरोबर, पण गाडी गरम झाल्यावरही थोडी थरथर उरते असं लिहिलंय. नुसता ग्लो प्लग असता तर गरम झाल्यावर काही उरलं नसतं. तरी तपासायला पाच मिनिटं लागतात, तपासूनच टाका.

प्लग काढायचा असेल तर इंजिन गरम असताना, आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल सोडून. ८ मिमी आट्यांचा प्लग २० न्यूटन मीटरच्या आसपास आणि १० मिमीचा ३५ च्या आसपास मोडतो. तेवढ्यात सुटला नाही तर थांबा, पुढे-मागे हलवत पुन्हा तेल द्या. मोडला तर हेड उतरवायची वेळ येते.

दर्यावर्दी

ईजीआरला (जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हला) पत्रा मारून बंद करा, निम्म्या तक्रारी जातात.

रेलदाब

दर्यावर्दी, ईजीआर अडकला तर जळलेला वायू चारही सिलिंडरमध्ये जातो. काळा धूर, पिकअप कमी, सगळ्या इंजिनची थरथर. एकट्या दोन नंबरचा कोड त्यातून येत नाही. पत्रा मारल्यावर पी०४०१ येतो तो वेगळाच, आणि प्रदूषण नियंत्रणाची यंत्रणा बंद करणं बेकायदा आहे. ईजीआर काजळीने भरला असेल तर काढून साफ करता येतो, तेवढंच करावं.

घाटवाट

सगळ्यांचे आभार. मोजमापं घेतली.

पी०३०२ ची फ्रेम: ८१० आरपीएम, कूलंट ३१ अंश, रेल २६८ बार, १३.९ व्होल्ट.
पी००८७ ची फ्रेम: ३१०० आरपीएम, कूलंट ८८ अंश, मागणी १३१० बार, प्रत्यक्ष ९३०.
करेक्शन, गरम आयडलला: एक उणे १.१, दोन अधिक ३.६, तीन उणे १.४, चार उणे १.०.
ग्लो प्लग चारही चांगले.
सेल्फ मारताना बॅटरी १०.४ व्होल्टच्या खाली जात नाही.

मापक

छान. आता चित्र स्वच्छ आहे. पी०३०२ च्या वेळी रेलमध्ये २६८ बार होता, आयडलला पुरेसा. म्हणजे दोन नंबरच्या मिसिंगचा रेलच्या दाबाशी संबंध नाही. पी००८७ पूर्ण लोडखाली आलाय आणि ३८० बार कमी पडलाय. तो दोन नंबरशी संबंधित असेल तर एकाच मार्गाने: दोनचा इंजेक्टर रिटर्नमध्ये (टाकीकडे परत जाणाऱ्या वाटेत) भरमसाट डिझेल सोडत असेल तर. रिटर्न चाचणी केली की दोन्ही प्रश्न सुटे होतील.

रेलदाब

रिटर्न चाचणीची पद्धत. सारख्या लांबीच्या चार पारदर्शक नळ्या आणि खुणा असलेल्या चार बाटल्या. इंजेक्टरच्या डोक्यावरच्या रिटर्नच्या क्लिप काढून त्या जागी नळ्या. गाडीकडे परत जाणाऱ्या रिटर्न पाइपचं तोंड घट्ट बंद करा, नाहीतर पंपाच्या रिटर्नचं डिझेल तिथून इंजिनवर सांडतं. इंजिन गरम करा, दोन मिनिटं आयडल, मग एक मिनिट २५०० आरपीएम. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरायला हव्यात. एखादी इतरांच्या दुप्पट भरली तर त्या इंजेक्टरचा व्हॉल्व्ह झिजलाय. चारही भरमसाट भरल्या तर चारही झिजले.

ही पद्धत सोलेनॉइडसाठी. काही पिएझो इंजेक्टरना रिटर्नमध्येच १० बारच्या आसपास दाब लागतो, उघड्या बाटलीत ते नीट चालणारच नाहीत आणि भलताच निष्कर्ष निघेल.

निफाडकर

रिटर्नसोबत कॉम्प्रेशनही तपासून घ्या. बऱ्याच स्कॅनरमध्ये रिलेटिव्ह कॉम्प्रेशनची चाचणी असते: इंजेक्शन बंद ठेवून सेल्फ मारायचा, ईसीयू प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला क्रँक किती मंदावतो ते मोजतो. एक सिलिंडर इतरांपेक्षा सहज फिरला तर तिथे दम नाही. हे तुलनेचं माप झालं. खरा आकडा हवा तर ग्लो प्लगच्या भोकात गेज लावायचं. निरोगी डिझेलला २५ ते ३० बार मिळतो, २० च्या खाली काळजीचं. एकाच सिलिंडरचा फरक पाच बारच्या वर असेल तर इंजेक्टरवर खर्च करण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ

मध्येच विचारतो. स्वस्त अ‍ॅडॅप्टर आहे, गाडीशी जोडलाच जात नाही. गाडी खराब की अ‍ॅडॅप्टर?

सह्याद्रीसर्किट

गोदाकाठ, १६ पिनचं सॉकेट मोजा. १६ नंबरवर बॅटरीचे १२ व्होल्ट, ४ आणि ५ वर अर्थ. व्होल्ट नसतील तर फ्यूज बघा, बऱ्याच गाड्यांत हा फ्यूज सिगारेट लायटरसोबत असतो. बॅटरीची वायर काढून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा, ६० आले तर कॅनची (गाडीतले संगणक जोडणारी) तार ठीक. १२० आले तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय. सगळं ठीक असूनही जोडत नसेल तर अ‍ॅडॅप्टर नकली. नकली ईएलएम३२७ मध्ये (अ‍ॅडॅप्टरमधली चिप) काही आज्ञाच नसतात, कोड वाचतो पण लाइव्ह डेटा अडखळतो.

सातारीटर्बो

बीएस६ गाडीत हाच क्रम लागू का? १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो.

मापक

क्रम तोच, घाई जास्त. मिस मारणाऱ्या सिलिंडरचं न जळलेलं डिझेल थेट डीपीएफमध्ये जातं, काजळी झपाट्याने वाढते आणि पी२४६३ येतो. लोक मग डीपीएफ धुवायला काढतात, मूळ दुखणं इंजेक्टरचं तसंच राहतं. दुसरं, डिपस्टिक रोज बघा. रिजनरेशन (डीपीएफमधली काजळी जाळणं) वारंवार अर्धवट राहिलं तर सिलिंडरच्या भिंतीवरून डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वर चढते. कमाल खुणेच्या वर गेली असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवायची नाही. डीपीएफवाल्या गाडीला कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला.

नव्या इंजिनांत कॉम्प्रेशन रेशो कमी ठेवलेला असतो, १६ च्या आसपास. म्हणून निफाडकर म्हणतात तो ग्लो प्लगचा मुद्दा तिथे जास्त महत्त्वाचा.

घाटवाट

रिटर्न: आयडलला दोन मिनिटांत २२, २४, २१, २५ मिली. २५०० आरपीएमलाही चारही जवळपास सारखे. रिलेटिव्ह कॉम्प्रेशनमध्ये चारही बरोबरीचे.

रेलदाब

म्हणजे दोनचा इंजेक्टर रिटर्नमध्ये गळत नाही, कॉम्प्रेशन ठीक. पी००८७ चा दोन नंबरशी संबंध संपला. तो आता टाकीपासून पंपापर्यंतच्या वाटेवर शोधायचा: फिल्टर, हवा, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा), रेलचा प्रेशर सेन्सर.

सेन्सर आधी, कारण फुकट आहे: गाडी रात्रभर बंद ठेवून नुसती चावी फिरवली की सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास हवा आणि स्कॅनरवर दाब शून्याजवळ. मग फिल्टर. खालचा नळ उघडून काचेच्या बरणीत डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसतो. त्यानंतर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा लावून गाडी चालू करा. सतत बुडबुडे आले तर कुठूनतरी हवा ओढली जातेय, बहुधा फिल्टरच्या ओ-रिंगमधून.

दर्यावर्दी

पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवली की आत वाफ धरते. कोकणात हे नेहमीचंच. टाकीच्या झाकणाचं रबरही बघा.

डिझेललॅब

पाणी सापडलं तर पुढचं एक पाऊल टाळू नका. हाय प्रेशर पंपाचे भाग डिझेलनेच वंगण घेतात. पाण्याने ते वंगण जातं, धातूवर धातू घासतो आणि बारीक चमकी सुटते. पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह काढून त्याच्या जाळीवर पांढऱ्या कपड्याने पुसून उन्हात बघा. चांदीसारखी चमक दिसली तर नवा इंजेक्टर बसवूनही तो थोड्याच दिवसांत जाईल. मग पंप, रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी सगळंच साफ करावं किंवा बदलावं लागतं. चमक नसेल तर फक्त फिल्टर.

दोन नंबरबद्दल: काढण्याआधी वायसर तपासा. इंजेक्टरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडा, सेल्फ मारा. बुडबुडे किंवा फस्-फस् आवाज आला, किंवा डांबरासारखा काळा थर दिसला, तर वायसर फुंकतोय. बारीक गळती रिलेटिव्ह कॉम्प्रेशनमध्ये दिसत नाही.

इंजिनगुरव

चारही बदलावेत असं मीही म्हणेन. एक लाख अडतीस हजार किमीला एक गेला म्हणजे बाकीचे तीन रांगेत आहेत. एकदा खोललंच आहे तर एकाच मजुरीत उरका.

मापक

मला पटत नाही. बाकीच्या तिघांची करेक्शन उणे दीडच्या आत, रिटर्न जुळतंय. मापात बसणारा भाग अंदाजावर का फेकायचा? शिवाय सीटमध्ये चिकटलेला इंजेक्टर काढताना त्याचं डोकं तुटण्याचा धोका असतो. चांगल्या तिघांवर तो का घ्यावा?

डिझेललॅब

दोघांच्या मधला मार्ग आहे. दोन नंबर काढून बेंचवर (इंजेक्टर तपासायच्या यंत्रावर) लावा. त्याच्यात पाण्याचा गंज किंवा व्हॉल्व्हची झीज दिसली तर बाकीचे तीनही तपासायला काढा, कारण ते डिझेल चौघांनीही प्यायलंय. नुसतं नोझल काजळीने अडलेलं निघालं तर तिघांना हात लावायचं कारण नाही.

बेंचवर आधी गळती बघतात, मग वेगवेगळ्या दाबांवर मात्रा: फुल लोड, मधला लोड, आयडल आणि प्री-इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा). ‘बघितला, ठीक आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका, छापील रिपोर्ट मागा. त्यात चारही ओळींसमोर आकडा आणि मर्यादा असायला हव्यात. फुल लोड पास आणि प्री-इंजेक्शन नापास असा इंजेक्टर रस्त्यावर उत्तम पळतो आणि सकाळी आयडलला मिस मारतो. तुमच्या लक्षणांवरून मला तेच वाटतंय.

काढताना: आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल, इंजिन कोमट, इंजेक्टर आधी डावी-उजवीकडे फिरवत सैल करायचा, मग पुलरने सरळ वर. सोलेनॉइडच्या टोपीला पुलर लावू नका. काढण्याआधी भोवतीची धूळ हवेने उडवा, पाइप सुटला की लगेच दोन्ही तोंडांना टोप्या घाला. वाळूचा कणही नोझल मारतो.

जुनापाना

इंजेक्टरच्या ऐवजी टाकीत क्लीनरची बाटली ओतून बघायला काय हरकत?

डिझेललॅब

हरकत नाही, मात्र बाटलीवरच्या प्रमाणातच. नोझलच्या भोकांवरची ताजी काजळी थोडी सुटते. झिजलेला व्हॉल्व्ह, अडकलेली सुई आणि गंज यांवर तिचा उपयोग नाही. दोन टाक्या होऊनही करेक्शनचा आकडा हलला नाही तर पुढे ओतू नका.

पिंपरीगिअर

आणखी एक कारण नोंदवून ठेवतो, पुढे कुणाच्या कामी येईल. करेक्शन, रिटर्न, कॉम्प्रेशन सगळं ठीक आणि तरी कोड पी०३०० किंवा रोज वेगळ्या सिलिंडरचा येत असेल तर ड्युअल मास फ्लायव्हील (क्रँकवरचं, मध्ये स्प्रिंगा असलेलं दोन भागांचं जड चाक) बघा. त्याच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की क्रँकचा वेग हलतो आणि ईसीयूला ते मिसिंग वाटतं. इंजिन बंद होताना खडखड येते, क्लच दाबल्यावर आवाज बदलतो. सोबत पी००१६ असेल तर टायमिंग चेन किंवा बेल्ट.

घाटवाट

निकाल.

फिल्टरच्या बरणीत तळाला बोटभर पाणी होतं. मीटरिंग व्हॉल्व्हची जाळी स्वच्छ, चमक नाही. फिल्टर आणि त्याची ओ-रिंग बदलली, हातपंपाने हवा काढली. घाटात पूर्ण दाबल्यावर मागणी १३१०, प्रत्यक्ष १२९०. पी००८७ परत आला नाही.

दोन नंबरचा वायसर फुंकत नव्हता. बेंचवर फुल लोड आणि मधला लोड मर्यादेत, आयडल काठावर, प्री-इंजेक्शन जवळपास शून्य. गंज नाही, व्हॉल्व्ह ठीक. नोझलची सुई अडत होती, नोझल बदललं. बाकीचे तीन काढले नाहीत. आता प्रश्न असा की बसवताना काय चुकू शकतं?

डिझेललॅब

तीन गोष्टी. जुना वायसर भोकातच चिकटून राहतो आणि लक्षात येत नाही. टॉर्चने बघून हुकने काढा, मगच नवा घाला, तोही त्याच जाडीचा. जाडी बदलली की नोझल आत किती डोकावतं ते बदलतं आणि डिझेलचा फवारा पिस्टनच्या वाटीत चुकीच्या जागी पडतो. सीट साफ करताना कटरला ग्रीस लावा, म्हणजे कीस सिलिंडरमध्ये पडत नाही. क्लॅम्पचा बोल्ट बऱ्याच इंजिनांत ताणला जाणारा असतो, तो नवा घ्या आणि मॅन्युअलमधला टॉर्क अधिक अंश पाळा.

दुरुस्तीनंतर बेंचने इंजेक्टरचा नवा कोड (बिघाडाचा नव्हे, त्याच्या मात्रेचा) दिला असेल तर तो ईसीयूत लिहून घ्या. इंजेक्टरच्या डोक्यावर छापलेला जुना कोड जुन्या नोझलचा आहे. सुरू करताना सलग दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा.

घाटवाट

बसवला, नवा कोड लिहिला. गरम आयडलला करेक्शन: अधिक ०.२, अधिक ०.५, उणे ०.४, उणे ०.३. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू, धूर नाही.

इंजिनगुरव

आकडे बघून माझं मत बदललं. एक शंका आहे. प्री-इंजेक्शन म्हणजे एक-दोन मिलिग्रॅमची गोष्ट. ती नसताना एवढी थरथर का, आणि वेग घेतल्यावर का नाही?

मापक

आयडलला एका स्ट्रोकला मुळात पाच-सात मिलिग्रॅमच डिझेल जातं, त्यात एक-दीड मिलिग्रॅम हा मोठा वाटा आहे. त्याचं काम ताकद देण्याचं नाही. मुख्य फवाऱ्याच्या आधी जळून ते सिलिंडरमधलं तापमान वाढवतं, म्हणजे मुख्य डिझेल आत आल्या आल्या पेट घेतं. ते नसलं की थंड सिलिंडरमध्ये मुख्य डिझेल उशिरा पेटतं, अर्धं न जळता बाहेर पडतं. तोच पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर. इंजिन गरम झालं की भिंतीच तापलेल्या असतात, म्हणून फक्त थोडी थरथर उरली. वरच्या आरपीएमला बरेच ईसीयू प्री-इंजेक्शन बंदच करतात, तिथे ते नसल्याचं कळणार तरी कसं?

आणि ईसीयूला प्री-इंजेक्शन वेगळं दिसत नाही. त्याला उसळी कमी दिसली, त्याने मात्रा वाढवली. तो अधिक ३.६ त्यातूनच आला.